ठेका कोणी धरायचा?

मराठीत ‘री ओढणं’ ही निंदा आहे आणि ‘साथ देणं’ ही स्तुती. वरवर पाहिलं तर दोन्ही कामं एकच. कोणीतरी पुढे असतो, आपण मागे. मग एकाला नावं ठेवायची आणि दुसऱ्याला शाल पांघरायची, असं का? मला वाटतं, फरक ऐकण्याचा आहे. री ओढणाऱ्याला पुढचा काय म्हणाला तेवढं कळलं तरी भागतं. साथ देणाऱ्याला तो काय म्हणू पाहतोय हेही कळावं लागतं, आणि कधीकधी त्याला न सुचलेली वाटही दाखवावी लागते.

हे सगळं आज डोक्यात घोळतंय ते मिल्फर्ड ग्रेव्ह्ज नावाच्या एका अमेरिकन ड्रमवादकामुळे. दचकू नका! म्हातारपणी मला जाझचं खूळ लागलेलं नाही. आमच्या घरात ड्रम आले ते धाकट्या नातवामुळे. (नातेवाईक मंडळींना हे ठाऊक आहेच, आणि आमच्या सोसायटीलाही.) त्याने मला ग्रेव्ह्ज ऐकवला आणि म्हणाला, “आजी, यातली सम शोधून दाखव.” घरातल्या बाकीच्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला की पत्र्यावर गारा पडतायत. जावई म्हणाले, “हे करायला शिकावं कशाला लागतं?” जावयांशी जेवताना वाद घालायचा नाही हा आमच्याकडचा नियम, म्हणून तेव्हा गप्प बसले. पण त्यानंतर या माणसाबद्दल जे जे मिळेल ते वाचलं, ऐकलं, आणि माझं मत पक्कं झालं. ते इथे मांडते. जावईबापू हे वाचतात, त्यामुळे उत्तर पोचेलच.

माझं मत असं, की ठेका सोडूनही उत्तम साथ करता येते हे ग्रेव्ह्जने आयुष्यभर दाखवलं. आणि त्यासाठी शिकावं लागतं. भरपूर शिकावं लागतं.

शिकण्यापासूनच सुरुवात करते. ग्रेव्ह्जचा जन्म २० ऑगस्ट १९४१चा, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जमेका वस्तीतला. (वेस्ट इंडिजमधलं बेट वेगळं, ही न्यूयॉर्कचीच वस्ती.) अगदी लहानपणी ड्रम हातात आले, आठव्या वर्षी काँगा, पुढे टिंबालेस. काँगा हाताने वाजवायचे उंच ढोल आणि टिंबालेस काठ्यांनी वाजवायचे उथळ ढोल. दोन्ही क्युबाकडच्या नाचाच्या संगीतातले. विशीच्या आसपास त्याचा स्वतःचा लॅटिन बँड होता आणि त्यात पियानोवर पुढे जगप्रसिद्ध झालेला चिक कोरिया होता. आता नाचाच्या बँडमधला ठेका म्हणजे काय असतो बघा. तिथे वादक चुकला तर समोरच्या सगळ्यांची पावलं अडखळतात. लेझमीच्या पथकात हलगीवाला चुकला तर जे होतं तेच. म्हणजे ठेका पक्का धरता येणं ही ग्रेव्ह्जची पहिली इयत्ता होती. ती पास होऊनच तो पुढे गेला.

जाझमध्ये ड्रमवाल्याचं नेमून दिलेलं काम काय? गाडी रुळावर ठेवणं. १९४०च्या दशकापर्यंत हा ठेका बहुतेक पायाने, मोठ्या बेस ड्रमवर दिला जायचा. केनी क्लार्क नावाच्या वादकाने तो उजव्या हाताच्या मोठ्या झांजेवर नेला. त्यामुळे पाय मोकळा झाला आणि मधेच एखादा अनपेक्षित ठोका देऊन गाणाऱ्या वाद्याला डिवचायची सोय झाली. १९६२ साली ग्रेव्ह्जने जॉन कोल्ट्रेनच्या मैफलीत एल्विन जोन्सचे ड्रम ऐकले. जोन्सने ठेका असा पसरवून टाकला होता की चारही हातापायांवर तो वाहत राहायचा. तरीही आत कुठेतरी मोजदाद होतीच. ग्रेव्ह्ज त्याच्याही पुढे गेला. त्याने मोजदादच सोडली. खालच्या बाजूला तारा लावलेला स्नेअर ड्रम म्हणजे त्या संचातला मानकरी. पुढे त्याने तोही काढून टाकला. बाकीच्या ड्रमच्या खालच्या पुड्या काढल्या आणि आवाज खुला केला.

हे ऐकून आपल्याला परकं वाटतं. पण मला वाटतं, मराठी माणसाला ते परकं वाटायचं कारण नाही. आपला आलाप आठवा. आलापाला ठेका नसतो, पण आलाप बेलय असतो असं कोणी म्हणेल का? गवई कुठे थांबतो, कुठे श्वास घेतो, कुठला स्वर किती वेळ धरतो, यात लय असतेच. फक्त ती मात्रांनी मोजत नाहीत. आलाप चालू असताना आपला तबलजी हातोडी बाजूला ठेवून, मांडीवर हात घेऊन बसलेला असतो. कल्पना करा, त्याने त्या वेळी वाजवायला सुरुवात केली, पण ठेका न धरता. गवयाच्या श्वासाबरोबर वाजवलं, त्याच्या थांबण्याला उत्तर दिलं, त्याचा स्वर चढताना तबल्यानेही अंगावर वारं घेतलं. ग्रेव्ह्ज हेच करत होता, असं माझ्या परीने मी समजून घेतलं.

आपल्याकडे आणखी एक उदाहरण आहे. एकल तबलावादनात लहरा कोण धरतं? हार्मोनियम किंवा सारंगी. तेव्हा सूर ठेकेदार होतात आणि तबला मोकळा सुटतो. म्हणजे ठेका धरणं हे चामड्याच्या वाद्याच्या नशिबी जन्मतःच लिहिलेलं नाही. ते वाटून दिलेलं काम आहे, आणि वाटणी बदलता येते. ग्रेव्ह्ज आणि त्याच्या सोबत्यांनी विचारलं की लहरा कोणीच धरला नाही तर? प्रश्न धोक्याचा आहे खरा. पण धोक्याचा प्रश्न म्हणजे मूर्खपणाचा प्रश्न नव्हे, हे मुलांना सांगण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

ही तबल्याची तुलना मी ओढूनताणून आणलेली नाही बरं का. १९६०च्या दशकाच्या मध्यावर ग्रेव्ह्ज न्यूयॉर्कमध्ये वसंत सिंग यांच्याकडे खरोखरच तबला शिकला. जुझेप्पी लोगन नावाच्या सॅक्सोफोनवादकाबरोबर १९६४ साली त्याने केलेल्या ध्वनिमुद्रणात पहिल्याच रचनेच्या नावात ‘तबला’ शब्द आहे आणि ग्रेव्ह्जने त्यात तबला वाजवलाय. त्या वादनाला आपल्या कुठल्याही घराण्याच्या गुरुजींनी पसंतीची मान डोलावली असती असं मी म्हणणार नाही. पण बायावर तळहाताचा दाब देऊन स्वर वाकवता येतो, घुमारा लांबवता येतो, पुडीच्या दर तसूवर वेगळा आवाज असतो, ही जाण ज्याला आली त्याला एका सुरात ‘ठक ठक’ करणारा ड्रम पुरणार नाही हे उघड आहे.

आता सोबत्यांबद्दल. कारण या माणसाचं मोठेपण मला त्याच्या एकट्याच्या वादनापेक्षा त्याने कोणाकोणाची आणि कशी साथ केली त्यात जास्त दिसतं.

१९६४ साली रॉझवेल रड आणि जॉन चिकाई असे दोघे न्यूयॉर्कमध्ये एक चौकडी जमवत होते. रड ट्राँबोन वाजवायचा. तरुणपणी जुन्या पठडीतलं, गावजत्रेत शोभेल असं खुशालचेंडू जाझ वाजवून आलेला. चिकाई कोपनहेगनचा, आई डॅनिश, वडील काँगोचे. त्याचा सॅक्सोफोन कोरडा आणि मोजका. दोघांच्या स्वभावात दोन टोकं. ग्रेव्ह्ज त्यांच्यात येऊन वाजवायला बसला आणि तिथलाच झाला. ‘न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेट’ या नावाने त्यांची पहिली रेकॉर्ड त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ध्वनिमुद्रित झाली. बेसवर ल्युइस वॉरेल होता आणि एका भागात लरॉय जोन्स (पुढे अमिरी बराका) या कवीने आपली कविता वाचली. ग्रेव्ह्ज तेव्हा २३ वर्षांचा होता.

ती रेकॉर्ड लक्ष देऊन ऐकली तर एक गोष्ट कळते. ड्रम कोणावरही चाल करून जात नाहीत. चिकाई दोन-चार स्वर बोलून थांबला की ग्रेव्ह्ज ती जागा भरायची घाई करत नाही. कधी झांजेच्या कडेवर नुसतं खरखर करतो, कधी काहीच करत नाही. त्याच्यामुळे ट्राँबोन आणि सॅक्सोफोन एकाच वेळी बोलू शकतात आणि तरी भांडण वाटत नाही. वाड्यातल्या चार बायका एकाच वेळी बोलतात आणि तरी प्रत्येकीला प्रत्येकीचं कळतं, तसं. पुरुषांना तो गोंगाट वाटतो, हा त्यांचा प्रश्न!

डॉन पुलन हा पियानोवादक दुसरा सोबती. लोगनच्या चौकडीत दोघे भेटले. ३० एप्रिल १९६६ या दिवशी येल विद्यापीठात दोघांनी मैफल केली, फक्त पियानो आणि ड्रम. तिचं ध्वनिमुद्रण कुठल्या कंपनीच्या दारात न नेता दोघांनी स्वतःच प्रसिद्ध केलं. संस्थेचं नाव ठेवलं ‘सेल्फ रिलायन्स प्रोग्रॅम’, म्हणजे थेट ‘स्वावलंबन’. वेष्टणं हाताने रंगवली. आपल्याकडे कवी पदरमोड करून पहिला संग्रह छापतो आणि ओळखीच्यांना वाटतो, त्यातलाच प्रकार. त्या मैफलीत पियानोसुद्धा ढोलासारखा वाजतो आणि ड्रम गातात. कोण कोणाची साथ करतंय ते ठरवता येत नाही. पुलन पुढे चार्ल्स मिंगसच्या बँडमध्ये नावाजला आणि १९९५ साली गेला.

लोगनची कहाणी मात्र वाचताना पोटात तुटतं. सुरुवातीच्या दोन-तीन रेकॉर्डी झाल्यावर १९७०च्या दशकात हा माणूस दिसेनासाच झाला. लोकांनी तो मेला असंच धरलं. २००८च्या सुमारास तो पुन्हा न्यूयॉर्कच्या एका बागेत सॅक्सोफोन वाजवताना सापडला. म्हातारा, विस्कटलेला. लोकांनी मदत केली, नवी रेकॉर्डही निघाली. एप्रिल २०२० मध्ये कोविडने तो गेला. या रस्त्यावर चालणाऱ्यांना काय किंमत द्यावी लागते ते सांगितल्याशिवाय नुसतं कौतुक करणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

आल्बर्ट आयलर हा तिसरा. त्याच्या सॅक्सोफोनमध्ये चर्चमधलं गाणं, लष्करी बँड आणि माणसाचा टाहो, सगळं एकत्र. १९६७ साली ग्रेव्ह्ज त्याच्याबरोबर वाजवत होता. त्या वर्षी १७ जुलैला जॉन कोल्ट्रेन वारला, अवघा ४० वर्षांचा. २१ तारखेला न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये अंत्यविधी झाला. तिथे आयलर, त्याचा भाऊ डोनाल्ड, बेसवर रिचर्ड डेव्हिस आणि ड्रमवर ग्रेव्ह्ज यांनी वाजवलं. त्याचं ध्वनिमुद्रण आहे, आवाज खराब आहे. पण मला त्यातलं ऐकताना एक विचारावंसं वाटतं. ज्याच्या घरी मयत झालीय त्याच्या रडण्याला ठेका असतो का? आपल्या बायका मयतावर रडताना जे शब्द बोलतात, जो सूर लावतात, तो मोजून दाखवा. लय तर असतेच त्यात. काळीज चिरत जाते. अशा ठिकाणी चार-चार मोजत वाजवणारा ड्रमवाला मला तरी चालला नसता.

आयलरची ‘लव्ह क्राय’ ही रेकॉर्ड १९६८ साली आली, तीत ग्रेव्ह्ज आहे. त्यानंतरच्या रेकॉर्डमध्ये आयलर लोकप्रिय नाचाच्या तालाकडे वळला, ड्रमवर बर्नार्ड पर्डी आला. ग्रेव्ह्ज त्यात नाही. १९७० साली आयलरचा मृतदेह ईस्ट नदीत सापडला.

इथपर्यंत ग्रेव्ह्जचं वय तिशीच्याही आत आहे. ज्याला आपण ‘करिअर’ म्हणतो त्याचा आलेख इथून वर जायला हवा होता. तो गेला नाही. पुढची अनेक वर्षं त्याच्या रेकॉर्डी तुरळक आहेत. १९७४ साली अँड्र्यू सिरील या दुसऱ्या ड्रमवादकाबरोबर दोघांचाच संवाद, १९७७ साली ‘बाबी’ ही मैफल, त्याच वर्षी जपानमध्ये तिथल्या वादकांबरोबर एक. १९८४ साली आलेल्या एका रेकॉर्डमध्ये चार ड्रमवादक आहेत आणि त्यांत तोच तो जुना केनी क्लार्क, ठेका झांजेवर नेणारा. ज्याने घराचा पाया घातला आणि ज्याने त्या घराच्या भिंती काढल्या ते दोघे शेजारी बसून वाजवतायत. मला हे फार आवडलं. ग्रेव्ह्जने एकट्याने वाजवलेली पहिली रेकॉर्ड तर थेट १९९८ सालची.

मधल्या काळात हा माणूस काय करत होता? एक, पोटासाठी प्रयोगशाळेतलं तंत्र शिकून एका पशुवैद्याची प्रयोगशाळा सांभाळत होता. दोन, क्वीन्समधल्या घराच्या बागेत वनौषधी लावत होता. चिनी कुंगफूमध्ये प्रार्थनाकीटकाच्या चालीची एक पद्धत आहे. ती शिकायची म्हणून याने थेट ते कीटक मागवले, बागेत सोडले आणि त्यांच्याकडूनच धडे घेतले! त्यातून स्वतःची एक युद्धकला तयार केली, तिला योरुबा भाषेतलं ‘यारा’ म्हणजे चपळ हे नाव दिलं. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं, तो शिकवत होता. १९७३ ते २०१२, तब्बल ३९ वर्षं, व्हरमाँटमधल्या बेनिंग्टन कॉलेजात. ट्रंपेटवादक बिल डिक्सनने तिथे कृष्णवर्णीयांच्या संगीताचा विभाग उभा केला, ग्रेव्ह्ज त्याचा सहकारी.

जाझवर लिहिणारी मंडळी या ३९ वर्षांबद्दल हळहळतात असं मला दिसलं. एवढा मोठा वादक आणि रेकॉर्डी किती थोड्या! इथे मात्र माझ्यातली मास्तरीण जागी होते. रेकॉर्ड केलं तेवढंच काम, असं कोणी ठरवलं? मी ३४ वर्षं शिकवलं. त्याचा पुरावा म्हणून माझ्याकडे काय आहे? एक शाल, एक घड्याळ आणि निकालाच्या टक्केवारीचे काही कागद. निकालाचा टक्का म्हणजे माझं शिकवणं नव्हे, हे मला माहीत आहे आणि माझ्या मुलांनाही माहीत आहे. आठवीच्या वर्गात एखाद्या मंगळवारी एखाद्या मुलाच्या डोळ्यांत कवितेची ओळ लख्खकन पेटते. त्याचं ध्वनिमुद्रण नसतं. ते त्या मुलाबरोबर जातं, आणि मग कुठे उगवतं ते आपल्याला कळतही नाही.

ग्रेव्ह्जच्या बाबतीत काही ठिकाणी ते कळलं, एवढाच फरक. सुझी इबारा, ग्रेग फॉक्स असे पुढच्या पिढीतले ड्रमवादक त्याच्याकडे शिकले आणि त्यांचं वादन एकमेकांसारखं नाही, हे मला विशेष वाटतं. जेक मेगिन्स्की हा त्याचा विद्यार्थी. त्याने सहकाऱ्याबरोबर २०१८ साली ‘फुल मँटिस’ नावाचा माहितीपट केला, ज्यामुळे माझ्यासारख्या बाईलाही ग्रेव्ह्जच्या बागेत आणि तळघरात डोकावता आलं. त्यात जपानमधल्या ऑटिझम असलेल्या मुलांच्या शाळेतलं जुनं चित्रण आहे. ग्रेव्ह्ज वाजवतोय आणि मुलं आपापल्या चालीने उठतात, फिरतात, उड्या मारतात. तो कोणालाही आपल्या ठेक्यावर यायला सांगत नाही. तोच त्यांच्याकडे जातो. माझ्या लेखी ही साथीची परमावधी झाली.

आता हृदयाचं. हा विषय मला जवळचा आहे, का ते सांगते. गेल्या वर्षी चोवीस तास छातीला यंत्र लावून माझ्या ठोक्यांची नोंद घेतली आणि डॉक्टर म्हणाले, “आजी, ठोके अनियमित पडतायत.” सकाळ-संध्याकाळ गोळ्या सुरू झाल्या, त्यातली एक रक्त पातळ ठेवण्याची. रात्री उशीवर कान टेकला की ठोके ऐकू येतात. तीन नीट, चौथा गायब, पाचवा घाईघाईत. ज्याने ऐकलंय त्यालाच ती धास्ती कळेल.

ग्रेव्ह्जने १९७०च्या दशकात डॉक्टरांच्या शिक्षणासाठी काढलेली एक रेकॉर्ड ऐकली, हृदयाच्या निरोगी आणि बिघडलेल्या ठोक्यांची. त्याला त्यात आफ्रिकेतले, क्युबातले ताल ऐकू आले. झालं! पुढची ४० वर्षं तो माणसांची हृदयं ऐकत राहिला. आधी टेपवर, मग संगणकावर. २००० साली त्याला गुगेनहाइम पाठ्यवृत्ती मिळाली, ती त्याने यंत्रसामग्रीवर खर्च केली. तळघरात माणसाला बसवून ठोके नोंदवायचे, त्यांतून स्वर काढायचे, ते त्याचे त्याला ऐकवायचे. त्याचं म्हणणं असं की ठोकळेबाज ठेका हा शरीराचा स्वभावच नाही.

यातला एक भाग शास्त्रालाही मान्य आहे. निरोगी हृदय घड्याळासारखं चालत नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित सावकाश. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडंथोडं बदलत असतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांमध्ये हा बदल फार कमी होणं हे वाईट लक्षण मानतात. म्हणजे अगदी यंत्रासारखं ‘टिक टिक’ करणारं हृदय हे आजारी हृदय! ठेक्याच्या भक्तांनी यावर विचार करायला हरकत नाही. चांगला तबलजीसुद्धा ठेका धरतो तेव्हा यंत्रासारखा धरत नाहीच. गवयाच्या श्वासाबरोबर तो केसभर झुलतो. आणि हेच इलेक्ट्रॉनिक तालमाला करू शकत नाही.

पण पुढचा भाग मला मान्य नाही, आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. बिघडलेल्या हृदयाला योग्य ठोके ऐकवले तर ते सुधारेल, अशी ग्रेव्ह्जची श्रद्धा होती. इटलीतल्या एका संशोधकाबरोबर मूळपेशींवर हृदयाच्या आवाजाचा परिणाम अभ्यासून त्याने २०१७ साली पेटंटही मिळवलं. कुतूहल म्हणून मला याचा आदर आहे. उपचार म्हणून मात्र अजून नाही. श्वासाबरोबर होणारा बदल वेगळा आणि माझ्या छातीत जो गोंधळ चाललाय तो वेगळा. पहिल्यात लय आहे, दुसऱ्यात गुठळी होऊन झटका येण्याचा धोका आहे. तेव्हा माझ्या वयाच्या वाचकांनी ड्रम जरूर ऐकावेत आणि गोळी न चुकता घ्यावी. दोन्हींत भांडण नाही.

नियतीचा खेळ असा की २०१८ साली ग्रेव्ह्जला हृदयाचाच असाध्य आजार निघाला. अमायलॉइड नावाचं प्रथिन हृदयाच्या स्नायूत साचत जातं आणि स्नायू ताठर होतो. डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत दिली. तो त्यानंतर दोन वर्षांहून जास्त जगला, आणि त्या काळात स्वतःचंच हृदय ऐकत, नोंदवत, त्यातून चित्रं आणि शिल्पं करत राहिला. त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन फिलाडेल्फियात भरलं, आणि ते संपल्यावर थोड्याच दिवसांत, १२ फेब्रुवारी २०२१ रोजी तो गेला. वय ७९. चिकाई २०१२ साली गेला होता, रड २०१७ साली. १९९९ मध्ये ते तिघे पुन्हा एकत्र आले आणि वाजवले, हे त्यातल्या त्यात समाधान.

मी हे लिहायला घेतलं तेव्हा आमच्या एका मैत्रिणीने विचारलं, “पण या सगळ्यातून आपल्याला काय?” प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं उत्तर सांगते. आपण बहुतेक जण आयुष्यभर कोणाची ना कोणाची साथ करतो. नवऱ्याची, बायकोची, मुलांची, शाळेची, आजारी सासूची. आणि साथ म्हणजे ठेका धरणं, असंच आपल्याला शिकवलेलं असतं. वेळेवर डबा, वेळेवर औषध, वेळेवर फी. ते हवंच. त्याशिवाय घर चालत नाही, हे मी कोणापेक्षाही जास्त जाणते. पण तेवढ्यावर थांबलं की आपण कधी री ओढायला लागलो ते कळत नाही. समोरच्याचा श्वास बदललाय, तो मधेच थांबलाय, त्याला आज वेगळंच काही म्हणायचंय, हे ठेक्याच्या नादात ऐकूच येत नाही. ज्यांचा आलाप चालू आहे त्यांच्यावर आपण त्रिताल बडवत बसतो. तरुण मुलांच्या बाबतीत तर फारच.

ग्रेव्ह्जला पैसा किती मिळाला, नाव किती झालं, याचा हिशोब मांडला तर तो फार मोठा निघणार नाही. त्याच्याबरोबरच्यांपैकी काहींची तर परवडच झाली. पण त्याने ज्याची साथ केली त्याला पूर्ण ऐकून घेतलं, असं त्याच्या रेकॉर्डी सांगतात. माझ्या मते हे यश आहे, आणि त्याला दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

असो. बरंच लांबलं. ज्यांना ऐकायची इच्छा होईल त्यांना मास्तरकीच्या सवयीने अभ्यासक्रम देते. येलच्या मैफलीपासून सुरुवात करू नका, पळून जाल. आधी ‘न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेट’ची १९६४ची रेकॉर्ड घ्या आणि पहिल्यांदा फक्त सॅक्सोफोन कुठे थांबतो ते ऐका. दुसऱ्यांदा, तो थांबल्यावर ड्रम काय करतात ते ऐका. मग माहितीपट बघा. तरीही गाराच ऐकू आल्या तर तसं मोकळेपणाने कळवा. वाद घालायला मला आवडेल, फक्त जेवताना नको.